एकास सोळा : शेतीच्या अवजारांच्या लहान प्रतिकृती

वस्तू जमवण्याचा छंद मुलांना शिकवावा लागत नाही. शिंपले, आगपेटीवरची चित्रे, टपालाची तिकिटे, नाणी असे काहीतरी कुठल्यातरी डब्यात गोळा होतच असते. मोठ्या माणसांच्या छंदांपैकी एक मात्र आपल्याकडे फारसा परिचित नाही. तो म्हणजे शेतीची यंत्रे आणि अवजारे यांच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृती जमवण्याचा. युरोप-अमेरिकेत या छंदाची प्रदर्शने भरतात, लिलाव होतात आणि काही प्रतिकृतींना खऱ्या नांगरापेक्षा जास्त किंमत मिळते.

या लेखात त्या छंदाची ओळख करून घेऊ आणि एक प्रश्न विचारू. वस्तू लहान केली की तिच्यातले काय टिकते आणि काय बदलते? हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. पण पनवेलजवळच्या ओवे गावासारख्या ठिकाणी तो आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. ते कारण पुढे येईलच.

सुरुवात शिकवण्यासाठी

अवजारांच्या प्रतिकृती आधी शोभेसाठी नव्हे, तर शिकवण्यासाठी बनल्या. जर्मनीत स्टुटगार्टजवळ होहेनहाइम येथे १८१८ मध्ये शेतकी शिक्षणाची संस्था निघाली. लवकरच तिला जोडून अवजारांचा कारखाना सुरू झाला. तिथे खरे नांगर बनत, तशाच त्यांच्या लहान प्रतिकृतीही बनत. वर्गात दहा प्रकारचे नांगर आणून ठेवणे अवघड. दहा प्रतिकृती मात्र एका कपाटात मावतात. म्हणून इतर शेतकी शाळाही त्या विकत घेत.

त्याआधी, १७९८ मध्ये, अमेरिकेच्या टॉमस जेफरसन यांनी माती उलटवणाऱ्या फळीचा एक नवा आकार मांडला होता. हे पुढे त्या देशाचे तिसरे अध्यक्ष झाले. त्यांनी ती फळी कशी कोरायची याची कृती लिहून काढली आणि लाकडाच्या लहान प्रतिकृती दूरदूरच्या संस्थांना पाठवल्या. कोणत्याही गावच्या सुताराला हुबेहूब तोच आकार बनवता यावा, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे प्रतिकृती हे एक प्रकारचे पत्रच होते.

खेळण्याच्या रूपात ही वस्तू आली ती विसाव्या शतकात. शिशाचे सैनिक बनवणाऱ्या इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर शेतघर, गाईगुरे, गाड्या आणि अवजारे बनवायला सुरुवात केली. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डुब्यूक गावी फ्रेड अर्टल या ओतकाम करणाऱ्या कारागिराने १९४५ मध्ये घराच्या तळघरात खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला घेतले. त्यासाठी तो विमानांच्या टाकाऊ दट्ट्यांचे ॲल्युमिनियम वितळवत असे. त्यातून उभी राहिलेली कंपनी पुढे जवळच्या डायर्सव्हिल गावी गेली. आज तिथे शेतीच्या खेळण्यांचे संग्रहालय आहे.

सोळा, बत्तीस, चौसष्ट

या प्रतिकृतींवर १:१६, १:३२, १:६४ असे आकडे असतात. १:१६ म्हणजे खऱ्या वस्तूची १६ सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीत १ सेंटिमीटर. पण सोळाच का? याचे उत्तर इंचाच्या पट्टीत आहे. एका फुटासाठी पाऊण इंच घेतला की प्रमाण १:१६ होते. त्याचा निम्मा घेतला की १:३२, आणि पुन्हा निम्मा केला की १:६४. आपल्याकडे मीटर-सेंटिमीटर रूढ असल्यामुळे शाळेसाठी १:१० हे प्रमाण सर्वांत सोयीचे. खऱ्या वस्तूचे दहा सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीचा एक सेंटिमीटर.

जत्रेत मिळणारा प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर प्रमाणबद्ध आहे का, हे मुलांना सहज तपासता येते. खऱ्या ट्रॅक्टरची लांबी, मागच्या चाकाचा व्यास, पुढच्या चाकाचा व्यास आणि दोन चाकांमधले अंतर मोजा. खेळण्याचीही तीच मापे घ्या आणि भागाकार करा. चारही भागाकार जवळपास सारखे आले तर ती प्रतिकृती. नाही तर ते खेळणे. गुणोत्तर आणि प्रमाण शिकवायला याहून चांगला धडा सापडणे कठीण आहे.

मर्यादित आवृत्ती म्हणजे काय?

काही प्रतिकृती ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून विकल्या जातात. कंपनी ठरावीक नगच बनवते, प्रत्येकावर क्रमांक घालते आणि तसे प्रमाणपत्र देते. संग्राहक तो नग खोक्यासकट जपून ठेवतात.

इथे एक गंमत आहे. समजा, एका प्रतिकृतीचे ५,००० नग निघाले आणि सगळे कपाटात राहिले. पन्नास वर्षांनीही ते जवळजवळ ५,००० च असतील. दुसरे एक साधे खेळणे समजा पाच लाखांनी खपले, पण मुले त्याच्याशी मातीत खेळली आणि हजारातले एकच धड उरले. मग त्याचे ५०० नग राहिले. म्हणजे जे लाखांनी निघाले, तेच शेवटी दहापट दुर्मिळ झाले. वस्तू किती बनल्या यापेक्षा किती टिकल्या, यावर दुर्मिळता ठरते. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांना हा नियम चांगला ठाऊक असतो. एखादा प्राणी किती संख्येने होता यापेक्षा त्याची हाडे टिकण्यासारखी होती का, यावर आज काय सापडते हे ठरते.

हाच नियम आपल्या खऱ्या अवजारांना लावून पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. पुढे ते महाराष्ट्रभर पसरले. साच्यातून निघालेल्या या नांगरांचे सगळे नग एकसारखे. त्याउलट गावच्या सुताराने केलेला लाकडी नांगर एकच असे. त्या घरच्या बैलजोडीच्या उंचीला, त्या जमिनीला आणि मिळालेल्या लाकडाच्या बाकाला धरून तो घडवलेला असे. त्याची आवृत्ती एका नगाची. प्रमाणपत्र मात्र कुणी दिले नाही, आणि झिजल्यावर तो चुलीत गेला.

वजन कुठे जाते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लांबी १६ पटींनी कमी झाली की पृष्ठफळ १६ × १६ म्हणजे २५६ पटींनी आणि घनफळ ४,०९६ पटींनी कमी होते. ३०० किलोचा बैल १:१६ प्रमाणात केला आणि घनता तीच ठेवली, तर त्याचे वजन ७३ ग्रॅम भरेल. १,८०० किलोचा ट्रॅक्टर १:३२ प्रमाणात अवघा ५५ ग्रॅमचा व्हायला हवा. पण धातूची प्रतिकृती हातात घेतली तर ती याहून कितीतरी जड लागते. असे का?

कारण जाडी त्या प्रमाणात कमी करता येत नाही. खऱ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटचा पत्रा दीड मिलिमीटर जाड असेल, तर १:३२ प्रमाणात तो ०.०५ मिलिमीटरहून थोडा कमी, म्हणजे केसाहूनही बारीक होईल. इतका पातळ पत्रा ओतता येत नाही. ओतलेल्या धातूची जाडी साधारण एक मिलिमीटर तरी ठेवावी लागते. प्रतिकृती पुन्हा ३२ पट मोठी केली, तर तिचा पत्रा सव्वा इंच जाड निघेल. रंगाचेही तसेच. बाहेरून हुबेहूब दिसणारी प्रतिकृती आतून तशी नसते, ती यामुळे.

लहान नांगर चिखलात का तरंगतो?

याहून मोठा फरक बलांमध्ये पडतो. नांगर ओढताना माती दोन तऱ्हांनी विरोध करते. एक विरोध मातीच्या वजनामुळे आणि घर्षणामुळे होतो. कोरड्या वाळूत तोच मुख्य असतो. दुसरा मातीच्या चिकटपणामुळे होतो. खाजणातल्या चिखलात तो फार मोठा असतो. पहिला विरोध घनफळाच्या हिशेबाने घटतो, तर दुसरा पृष्ठफळाच्या. १:१० प्रतिकृतीत पहिला हजारपट कमी होतो, पण दुसरा शंभरपटच. नांगराचे स्वतःचे वजनही हजारपट घटते. त्यामुळे चिकट मातीत लहान नांगर आपल्या वजनाने रुतत नाही, तो वरच घसरत राहतो. मातीला तो दहापट हलका वाटतो, असे म्हणायला हरकत नाही.

हे वर्गात पाहता येते. एका ट्रेमध्ये कोरडी वाळू आणि दुसऱ्यात भिजवलेली चिकण माती घ्या. दोन सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी फाळासारखी तिरपी धरून ताणकाट्याने ओढा. आधी एक सेंटिमीटर खोलीवर, मग दोन सेंटिमीटर खोलीवर. खोली दुप्पट केल्यावर वाळूत लागणारे बल दुपटीपेक्षा बरेच जास्त, चौपटीकडे झुकणारे येते. चिखलात ते दुपटीच्या आसपास राहते. आकडे नेमके येणार नाहीत, कारण पट्टीपुढे माती साचते आणि बाजूंनाही सरकते. पण दोन ट्रेमधला फरक स्पष्ट दिसतो.

कोन मात्र लहान होत नाहीत

मग प्रतिकृती निरुपयोगी म्हणायची का? नाही. लहान होताना एक गोष्ट तशीच्या तशी राहते, ती म्हणजे कोन. ३० अंशांचा कोन १:१० मध्येही ३० अंशांचाच असतो. दोन लांबींचे गुणोत्तरही बदलत नाही. आणि नांगराचे बहुतेक शहाणपण कोनांत आणि गुणोत्तरांतच साठवलेले असते.

एक उदाहरण घेऊ. बैलजोडी आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके बल दिवसभर लावू शकते, असे मानतात. ३०० किलोच्या दोन बैलांसाठी ते ६० किलोभार झाले. जू जमिनीपासून १.१ मीटर उंचीवर आहे आणि फाळापासून जुवापर्यंतचे आडवे अंतर ३ मीटर आहे असे समजा. ओढीची रेषा जमिनीशी सुमारे २० अंशांचा कोन करील. त्यामुळे ६० किलोभारांपैकी सुमारे २०.५ किलोभार नांगराला वर उचलू पाहतील. आता हाळीस आखूड घेऊन हे अंतर २.५ मीटर केले, तर कोन जवळजवळ २४ अंश होतो आणि वर उचलणारे बल २४ किलोभारांवर जाते. हा साडेतीन किलोभारांचा फरक कोण भरून काढणार? रुमण्यावर हात दाबणारा नांगऱ्या, आणि तोही दिवसभर.

म्हणून हाळिशीवर दोरी बांधण्यासाठी एकाहून अधिक खाचा ठेवलेल्या दिसतात. दोरी एक खाच पुढे-मागे केली की कोन बदलतो आणि नांगर कमी-जास्त खोल जातो. या खाचा म्हणजे अवजारातले नियंत्रणाचे बटणच. शोभेची प्रतिकृती करणारा कारागीर त्या नेमक्या गाळतो, कारण त्या दिसायला ओबडधोबड असतात. दिसायला सुबक पण खाचा नसलेल्या प्रतिकृतीपेक्षा वेडीवाकडी पण कोन आणि खाचा नेमक्या ठेवणारी प्रतिकृती विज्ञानाच्या दृष्टीने कितीतरी मोलाची असते.

ओवे गावाचा प्रश्न

आता ओवे. खारघर-तळोजाच्या पट्ट्यातले हे गाव. एकेकाळी हा सगळा भाग भातशेतीचा. रायगड जिल्ह्याला भाताचे कोठार म्हणत असत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी केलेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांचे प्राण गेले. आता या भागात उंच इमारती आहेत, पनवेल महानगरपालिका आहे आणि २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते.

जमिनीचा हिशेब कागदावर आहे. सातबारा, नकाशे, निवाडे, सगळे कुठेतरी ठेवलेले आहे. पण त्या जमिनीत चालणाऱ्या नांगराचा कोन कोणत्या कागदावर आहे? भाजणीचा राब पसरायचे दाताळे, चिखल सपाट करायची फळी, पावसात पाठ झाकणारे इरले, यांची मापे कुणी लिहिली? शेत गेले की अवजार एकदम जात नाही. आधी ते माळ्यावर जाते, मग त्याचे रुमणे कपडे वाळत घालायच्या कामी येते, आणि घर नव्याने बांधताना उरलेले सरपणात जाते. पनवेलच्या आसपासच्या गावठाणांत हिंडताना आम्हांला या तिन्ही अवस्था पाहायला मिळतात. ज्यांनी नांगर हाती धरला ते आता साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत. कोणती खाच कोणत्या जमिनीसाठी, हे सांगू शकणारे तेच.

पनवेलला या बाबतीत एक जुनी परंपरा आहे. इथे बैलगाडीची चाके बनवण्याचा मोठा धंदा होता आणि ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये त्याची दखल घेतलेली आढळते. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या गाड्या इथली चाके बसवून घेत. चाकाच्या लाकडी घेरावर लोखंडी धाव चढवताना ती मुद्दाम थोडी लहान ठेवून तापवतात. सव्वा मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ३.९ मीटर. ५०० अंशांनी तापवल्यावर लोखंड लांबीच्या ०.६ टक्के, म्हणजे इथे जवळजवळ अडीच सेंटिमीटर वाढते. निवल्यावर ते आवळते आणि तुंबा, आरे, पुठ्ठे सगळे घट्ट धरते. १:१० प्रतिकृतीतही ०.६ टक्केच वाढ मिळते, पण बारीक पट्टी क्षणात निवते, कारण घनफळाच्या मानाने तिचे पृष्ठफळ दहापट असते. हातात घेऊन चढवेपर्यंत ती आकसलेली असते. लहान चाक करू पाहणाऱ्या कारागिराला ही अडचण हटकून येते, आणि मोठ्या चाकावर काम करणाऱ्याला उसंत का मिळत असे, हेही त्यातूनच कळते.

शाळेने काय करावे?

विकतच्या मर्यादित आवृत्त्या जमवणे आपल्या शाळांना परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. एका शैक्षणिक वर्षात पाच अवजारे, एवढेच ठरवावे.

पहिली पायरी मोजण्याची. मुलांनी पट्टी, कोनमापक, ओळंबा आणि वही घेऊन अवजाराकडे जावे. लांबी, जाडी, कोन, खाचांची अंतरे आणि झिजलेल्या जागा यांची नोंद करावी. झीज महत्त्वाची, कारण माती कुठे घासत होती आणि हात कुठे होता हे ती सांगते. लाकूड कोणते हे विचारावे. प्रत्येक भागाचे नाव त्या घरातले आजी-आजोबा सांगतील तेच लिहावे, पुस्तकातले नव्हे. एकाच भागाला दोन गावांत दोन नावे असतात आणि तीच खरी माहिती असते.

दुसरी पायरी बनवण्याची. १:१० प्रमाणात लाकूड, बांबू किंवा जाड पुठ्ठा चालेल. कोन कागदावर काढून त्यावर तुकडे ठेवून तपासावेत. जिथे जाडी प्रमाणात ठेवता आली नाही, तिथे तसे चिठ्ठीवर लिहावे. लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे सांधे फार घट्ट करू नयेत.

तिसरी पायरी जपण्याची. प्रतिकृतीला क्रमांक द्यावा आणि वहीत तिची माहिती ठेवावी. कुणी जुनी धातूची खेळणी आणून दिली तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फार जुन्या खेळण्यांत आणि त्यांच्या रंगात शिसे असू शकते. ती लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. आणि जस्ताच्या मिश्रधातूची काही जुनी खेळणी आपोआप भेगाळतात. या धातूत लाखात सुमारे पाच भागांहून अधिक शिसे चालत नाही. ते जास्त झाले तर दमट हवेत स्फटिककणांच्या सीमांवर गंज शिरतो, धातू फुगतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. त्याला उपाय नाही. पनवेलच्या पावसाळी हवेत अशी वस्तू कोरड्या, बंद कपाटातच ठेवावी.

यानंतर मुलांना एक प्रश्न द्यावा. देशावर तीन फणांची तिफण घरोघर होती. ओवे परिसरातल्या भातशेतीत ती का नव्हती? चिखलात रोप लावणारा शेतकरी आणि कोरड्या रानात ओळीने बी पेरणारा शेतकरी यांच्या गरजा वेगळ्या, हे उत्तर मुले स्वतः शोधतील. सोबत घाटावरच्या एखाद्या शाळेशी प्रतिकृतींची आणि मापांची अदलाबदल करता आली तर फारच उत्तम.

हे काम फार दिवस पुढे ढकलता येणारे नाही. प्रतिकृती पुढच्या वर्षी करता येईल, चुकली तर पुन्हाही करता येईल. पण माळ्यावरचा नांगर आणि त्याच्या खाचांचा अर्थ सांगणारे आजोबा एकाच वेळी हजर असणे, ही गोष्ट थोड्याच वर्षांची आहे. निदान मापे आणि कोन तरी याच सुट्टीत वहीत उतरवून घ्यावेत. लाकूड नंतर कापता येईल.